साडेअकराची स्लो

मागच्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. बाबांना नाहूरहून दादरला जायचं होतं, हॉस्पिटलमध्ये त्यांच्या जुन्या मित्राला भेटायला. भेटायची वेळ बारा ते एक. मी अंधेरीहून फोनवर ठासून सांगितलं, "साडेअकराची स्लो आहे, वेळेवर आहे."

"अरे, आज रविवार. ब्लॉक असेल. थांब, पेपरात बघतो."

"बाबा, पेपर कसला बघताय? इथे लाइव्ह दिसतंय!"

लाइव्ह कसलं डोंबल! माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक होता. अशा वेळी स्लो गाड्या फास्ट ट्रॅकवरून काढतात. त्या मुलुंडला थांबतात, भांडुपला थांबतात, पण नाहूरला फास्ट ट्रॅकला प्लॅटफॉर्मच नाही! बाबा पाऊण तास उभे. घोषणा होत होती म्हणे, पण पोरगा सांगतोय म्हणून थांबले. शेवटी रिक्षाने भांडुप गाठलं. दादरला पोचेपर्यंत भेटीची वेळ संपलेली. दुसऱ्या दिवशी काकांना व्हेंटिलेटरवर ठेवलं. बोलणं राहूनच गेलं.

आता ह्यात ॲपला शिव्या घालणं सोपं आहे. (घातल्याच.) २०२२ पासून मध्य रेल्वेच्या 'यात्री'वर लोकल नकाशावर सरकताना दिसतात, ते मी उघडलंसुद्धा नव्हतं. पण खरी बोच वेगळीच आहे.

वेळापत्रकाचा जो फॉरमॅट आज जगभर चालतो, जीटीएफएस, तो २००५ मध्ये पोर्टलंडची ट्रायमेट आणि गूगल यांनी मिळून सुरू केला. लाइव्ह माहितीचा जोडफॉरमॅट आला २०११ मध्ये. त्यात 'हा थांबा वगळला' असं सांगायची सोय आहे, 'माहिती नाही' असं सांगायचीही आहे. आणि स्पष्ट लिहिलंय, लाइव्ह माहिती आली नाही तर गाडी वेळेवर आहे असं धरू नका.

हे मी वाचलंय हो! तरीही दोन वर्षांपूर्वी हापिसात एका क्लायंटच्या बसेससाठी मीच लिहिलं होतं: लाइव्ह डेटा नाही आला तर वेळापत्रकातली वेळ दाखव. त्याच हिरव्या रंगात. का, तर रिकामी स्क्रीन वाईट दिसते. कोड रिव्ह्यूमध्ये कुणी हूं की चूं केलं नाही.

सोमवारी जाऊन माझ्याच नावावर बग टाकला. आता तिथे करड्या अक्षरात 'वेळापत्रकानुसार, लाइव्ह माहिती नाही' असं येतं. क्लायंट म्हणाला, हे जरा भकास दिसतंय. म्हटलं, दिसू दे.