दोन मस्टर, एक सही

दोन दगडांवर पाय ठेवणारा माणूस पाण्यात पडतो, असे आम्हाला लहानपणी शिकवले होते. त्यातून बोध घेऊन मी जन्मभर एकाच दगडावर उभा राहिलो. त्या दगडाला लोक बँक म्हणतात. परवानगीवाचून दुसरीकडे नोकरी करायची नाही, असा आमचा सेवानियम आहे. मला पहिलीच नोकरी धड जमत नसल्यामुळे हा नियम कधी जाचक वाटला नाही.

पण २६ मे २०२४ च्या रात्री पाणी प्यायला उठलो, तर आमचे चिरंजीव अंधारात टीव्हीसमोर बसलेले. पडद्यावर पाऊस पडत होता.

"काय बघतोयस रे?"

"रेस."

"मग गाड्या कुठायत?"

"झाकून ठेवल्यात. पाऊस थांबायची वाट बघतायत."

ज्या घरातला मुलगा झोप मोडून अमेरिकेतला पाऊस बघतो, त्या घरातल्या बापाने काय बोलावे? मी तांब्या घेऊन शेजारी बसलो.

मग चिरंजीवांनी माझे शिक्षण केले. काईल लार्सन नावाचा ड्रायव्हर त्या एका दिवसात दोन शर्यती करणार होता. दुपारी इंडियानापोलिसला अ‍ॅरो मॅक्लारेनकडून ५०० मैल, आणि संध्याकाळी शार्लटला हेन्ड्रिक मोटरस्पोर्ट्सकडून ६०० मैल. पहिली गाडी उघड्या चाकांची, एकाच माणसाची, बोरूच्या टोकासारखी. दुसरी चारचौघांच्या गाडीसारखी दिसणारी, पण पहिलीच्या जवळजवळ दुप्पट वजनाची. मधला प्रवास हेलिकॉप्टरने आणि विमानाने.

"आणि मालक चालवून घेतात?"

"बाबा, दोन्ही मालकांनी मिळूनच ठरवलंय!"

मला माझ्या मॅनेजरांची आठवण झाली. जेवायला वीस मिनिटे जास्त लागली तरी ते घड्याळाकडे न बघता माझ्याकडे बघतात.

त्या रात्री कळले की हा उद्योग नवा नाही. १९९४ साली जॉन अँड्रेटीने पहिल्यांदा एका दिवसात या दोन्ही शर्यती केल्या. टोनी स्टुअर्टने २००१ मध्ये दोन्हीकडची एकूण एक फेरी पुरी केली. तिकडे सहावा, इकडे तिसरा. अकराशे मैल म्हणजे सुमारे १,७७० किलोमीटर. मुंबईहून दिल्ली गाठूनही वर तीनेकशे उरतात. मी डोंबिवलीहून उभ्याने आलो तर दोन तास कोणाशी बोलत नाही.

मला सगळ्यांत जवळचा वाटला तो जॉनचा काका, मारिओ अँड्रेटी. १९७८ साली हे गृहस्थ युरोपात लोटसकडून फॉर्म्युला वन आणि अमेरिकेत पेन्स्केकडून इंडीची गाडी, असे दोन संसार सांभाळत होते. इंडियानापोलिसची पात्रता फेरी आणि बेल्जियमची शर्यत एकाच वेळी आली. ते बेल्जियमला गेले आणि जिंकले. इकडे त्यांची गाडी माइक हिस नावाच्या दुसऱ्याच ड्रायव्हरने पात्र करून दिली. म्हणजे मस्टरवर सही दुसऱ्याने केली! फक्त आमच्याकडे असे प्रकरण गुपचूप मिटते, तिथे नियमानुसार त्यांना सगळ्यांच्या मागे, तेहेतिसाव्या जागी उभे केले. तिथून ते बारावे आले. फर्नांडो अलोन्सोने २०१७ मध्ये सरळ रजा टाकली. मोनॅकोची शर्यत सोडून तो इंडियानापोलिसला गेला आणि २०० पैकी १७९ व्या फेरीत इंजिन बंद पडले. रजेवर गेलेल्या माणसाचे असेच होते. आमच्या एका मित्राची गाडीही रजेतच खंडाळ्याच्या घाटात बंद पडली होती.

लार्सनचे पुढे काय झाले? इंडियानापोलिसची शर्यत चार तास उशिरा सुटली. तो अठरावा आला आणि धावतपळत शार्लटला पोचला. तिथे त्याची गाडी तोवर जस्टिन अल्गायर चालवत होता. लार्सन हेल्मेट घालून तयार होता, पण तिथेही पाऊस. सकाळी मी डबा घेऊन निघत होतो, तेव्हा चिरंजीव जड आवाजात म्हणाले, "रेस थांबवली. त्याला एक फेरीसुद्धा मिळाली नाही."

गैरहजेरी पुढे माफ झाली, गुण मात्र मिळाले नाहीत. त्या मोसमाच्या पहिल्या २६ शर्यतींच्या तक्त्यात टायलर रेडिक पहिला आला आणि लार्सन दुसरा. फरक एका गुणाचा. एका पैशाचा फरक सापडेना म्हणून रात्री नऊपर्यंत बसलेल्या माणसालाच याचे दुःख कळेल.

हेल्मेट घालून ओल्या ट्रॅकशेजारी उभा राहिलेला तो माणूस मला दिवसभर दिसत होता. चलने तपासताना लक्षात आले, की याला मी आधी पाहिले आहे.

आमचे वडीलही दोन टीमचे. दिवसा सरकारी कचेरी, संध्याकाळी पेठेतल्या एका किराणा दुकानात कीर्द-खतावणी. मध्ये हेलिकॉप्टरऐवजी सायकल. आई दारातच चहाचा कप द्यायची, ते एक पाय पायरीवर टेकून सायकलवरच चहा घ्यायचे आणि निघायचे. याला पिट-स्टॉप म्हणतात, हे मला चाळिशीनंतर कळले. चौथीत असताना स्नेहसंमेलनात मी कविता म्हणणार होतो. ते पोचले तेव्हा गडी सतरंज्या गुंडाळत होता. दारात उभे राहून म्हणाले, "झालं का रे?" मी बोललो नाही. मग घरी जाताना त्यांनी सायकल हातात धरून चालत, रस्त्यात माझ्याकडून अख्खी कविता म्हणवून घेतली. दोनदा. लार्सन हौसेने दोन गाड्या चालवतो, वडिलांनी आमच्या फीसाठी चालवल्या. पण दोन मस्टरांवर सही करणाऱ्याचे एक तिसरे मस्टर घरी असते. तिथे हजेरी कोणी मागत नाही, गैरहजेरी मात्र बरोबर लागते.

माझे तर एकच मस्टर. तरी या तिसऱ्यावर माझे किती खाडे आहेत, ते मोजायचे धाडस झाले नाही.

२५ मे २०२५ ला लार्सनने पुन्हा दोन्ही शर्यती धरल्या. या वेळी मी जेवण आटोपून आधीच टीव्हीसमोर जाऊन बसलो. चिरंजीव चकित झाले.

"बाबा, उद्या बँक नाही का?"

"आहे."

इंडियानापोलिसला निम्मी शर्यत व्हायच्या आत त्याची गाडी भिंतीला लागली. शार्लटलाही अपघातच. दोन्हीकडे शून्य! ते दुसरे मी पाहिले नाही. मी कोचावरच घोरत होतो, असे चिरंजीव सांगतात. पण अंगावर चादर कोणी घातली, ते सांगत नाहीत.