पैनगंगेच्या तीरावरील परांची

अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावलेली पैनगंगा यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण सीमा आंखीत जाते व वणी तालुक्यांत वर्धेस मिळते. १९४८ पर्यंत पैलतीरीं निजामाची हद्द होती. गेल्या वैशाखांत उमरखेड तालुक्यांतील एका तीरावरच्या गांवीं आम्ही आप्तांकडे गेलों असतां कांठावर ओढून ठेवलेली एक जुनी सागवानी नाव पाहिली. पावसाळ्यांत पलीकडच्या शाळेंत जाणारीं मुलें हिच्यांतूनच जातात, आणि गतवर्षीं तळाचे सांधे सुटून ती ऐन मध्यावर भरूं लागली होती. मृगास दिवस उरले होते वीस.

वृद्ध सुतार आला. पण वाकस पिशवींतून निघेना. सकाळभर तो काठीनें जमीन मोजीत नावेभोंवतीं फिरला. आम्हीं घाई करतांच म्हणाला, "मास्तर, आधीं उभं राहायची जागा, मग काम."

तळ हातीं यावा म्हणून नाव ओंडक्यांवर कमरेइतकी चढवावयाची. मग वरच्या फळ्या डोक्यावर जातात, म्हणून परांची. आम्हीं सुचविलें कीं, परांचीचें एक अंग नावेच्या कांठावरच टेकवावें, निम्मे बांबू वांचतील. त्यानें मान हलविली. माणसांचा भार एका बाजूस पडला कीं ओंडक्यांवरील नाव कलंडते. शिवाय ज्या फळीस परांची टेकली तीच बदलावयाची निघाली तर? परांची नावेपासून वीतभर दूर, आपल्याच पायांवर हवी. वाळूंत खांब रुततात, तेव्हां प्रत्येकाखालीं सपाट दगड. उंची अशी कीं सांधा छातीसमोर यावा. डोक्यावर हात धरून ठोकणारा लवकर थकतो व घाव चुकवितो. भोजाच्या नांवावरील 'युक्तिकल्पतरु'त समुद्रगामी नावेच्या तळास लोखंड वापरूं नये असें सांगितलें आहे, हें आम्हीं वर्गांत किती कौतुकानें शिकविलें! परंतु सुताराचे पाय कोठें टेकतात, हा प्रश्न आम्हांस कधीं सुचला नव्हता.

बांबूंनींच खोळंबा केला. लग्नसराई, सारे मांडवांत. तीन दिवस वायां गेल्यावर एका घरानें, पुतणीच्या मांडवापूर्वीं परत करण्याच्या बोलीवर, ते दिले. तेल-राळींत भिजवावयाच्या सुताच्या वाती मात्र कापसाच्या या जिल्ह्यांत कोणाकडे मागाव्या लागल्या नाहींत.

मृगाच्या चार दिवस आधीं परांची सुटली, बांबू मांडवास गेले आणि नाव रात्रभर डोहांत ठेवली. सकाळीं सुतारानें तळाशीं हात फिरविला. बोटें ओलीं झालीं. ओंजळ भरली नाहीं. "लाकूड फुगलं कीं तेवढंही बंद," असें म्हणून त्यानें वाकस पिशवींत घातली.