मिरजेची अमानत

आमच्या घरी कपाटाच्या माथ्यावर एक सतार पंचवीसेक वर्षे जुन्या चादरीत गुंडाळून पडली होती. ती मामूंची. मामू नोकरीसाठी मुंबईला गेले तेव्हा "जागा मिळाली की नेतो" म्हणून अम्मीपाशी ठेवून गेले. जागा मिळाली, पण सतार न्यायला ते कधी आले नाहीत आणि पुढे मरहूम झाले. अब्बांना घरात वाद्य पसंत नव्हते. संगीताबद्दल आपल्या उलेमांत जुना मतभेद आहे, त्यात आम्ही पडत नाही. अब्बांचे मत मात्र ठाम होते. ती सतार त्यांनी कधी वाजू दिली नाही. आणि कधी विकूही दिली नाही. कोणी विषय काढला की म्हणत, "अमानत आहे."

अब्बांच्या पश्चात प्रश्न उभा राहिला. जुन्या वस्तू घेणारा एकजण बरी किंमत देत होता. घरातल्या एका वडीलधाऱ्यांचे म्हणणे होते, देऊन टाका, नसती ब्याद. आमची लेक नववीत, तिला ती शिकायची होती. आम्ही दोघे गप्प. शेवटी अम्मीच म्हणाली, "जिथून आली तिथे एकदा दाखवून तर आणा. मग काय ते ठरवा."

जिथून आली ते गाव म्हणजे मिरज. दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीहून आंबा घाटाने निघालो. सतार गोधडीत गुंडाळून अम्मी आणि लेक यांच्या मांडीवर आडवी. प्रत्येक वळणावर अम्मीचा हात आपोआप भोपळ्यावर जाई. मलकापूर, कोल्हापूर मागे टाकून दुपारी मिरजेत पोहोचलो.

मिरजेची सतारमेकर गल्ली पाहिली नसेल तर वाचकांनी एकदा जरूर पाहावी. दारादारांत भोपळे टांगलेले, आत लाकडाचा भुसा, लाखेच्या पॉलिशचा वास. ही घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्यांची. इंग्रजी अमलात हत्यारांचे काम बसले. मिरजेत तेव्हा पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने गवई-बजवय्यांची ये-जा होती, त्यांची वाद्ये दुरुस्त करता करता 1850 च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनी स्वतः वाद्ये घडवायला घेतली. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या तेच हात. तलवारीची धार ज्या नजरेने पाहायची, त्याच नजरेने आता घोडीचा उतार पाहतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

ज्या कारागीर चाचांकडे आम्ही गेलो त्यांनी चादर सोडताच विचारले, "कोकणातून आलात ना?" गंजलेल्या तारा आणि सरस सुटलेले सांधे पाहून त्यांनी ओळखले होते. भोपळ्यावर बोटाच्या पेराने दोन टिचक्या मारल्या, कान लावला. मागे एक बारीक चीर होती. म्हणाले, "भोपळा जुना, जाड सालीचा. असा आता शोधावा लागतो." हा भोपळा कडू, खाण्याचा नव्हे; पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यातून येतो. वाळवून, भिजवून, आतून खरवडून त्याला आकार देतात. चाचा म्हणाले, तिकडे पाणी आले आणि शेतकरी उसाकडे वळला. अवकाळी पाऊस झाला तर उरलेलेही वेलावरच नासतात. दांडीला तुनाचे लाकूड लागते, तेही चांगले मुरलेले. घोडी पूर्वी सांबरशिंगाची असे. कायद्याने ते बंद झाले तेव्हा उंटाचे हाड आले.

सतार महिनाभर ठेवून घ्यावी लागेल असे ते म्हणाले. अम्मीने तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि उठली.

संध्याकाळी ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. उरुसात पहिला गलेफ चढवण्याचा मान इथे चर्मकार समाजाचा, हे लेकीला सांगितले तेव्हा तिला मोठे नवल वाटले. याच आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. कैराण्यात जन्मलेला हा माणूस मिरजेत स्थायिक झाला, इथल्या चिंचेखाली बसून गायला. 1937 मध्ये पाँडिचेरीच्या वाटेवर, एका लहानशा रेल्वे स्टेशनवर त्यांचे निधन झाले. मय्यत मिरजेला आणली. त्यांच्या आठवणीत दरवर्षी उरुसात इथे गाण्याची सभा भरते. खाँसाहेब स्वतः वाद्यांची दुरुस्ती उत्तम जाणत. सवाई गंधर्व त्यांचे शागीर्द आणि भीमसेन जोशी सवाई गंधर्वांचे. म्हणजे महाराष्ट्र ज्या गाण्याला आपले म्हणतो त्याचे एक मूळ या आवारात आहे, आणि आपल्याच कितीतरी घरांतल्या मुलांना ते नाव ठाऊक नसते. आम्ही शिक्षक, तरी आमच्या वर्गात आम्ही ते कधी सांगितले नव्हते. फातेहा पढताना ही गोष्ट टोचत राहिली.

जानेवारीत सतार आणायला पुन्हा गेलो. चीर आतून बुजवलेली, पितळी पडदे नवे, तारा नव्या. फक्त जवारी बाकी ठेवली होती. तार घोडीच्या माथ्यावर ज्या उतारावर टेकते, तो उतार कानशीने घासून बसवायचा, ही जवारी. केसाएवढा फरक पडला तरी सूर बदलतो. खुली ठेवली तर झणकार पसरतो, बंद ठेवली तर सूर आवरून येतो. चाचांनी विचारले, "कशी लावू? वाजवणारा हात कोणाचा?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. वाजवणारे घरात कोणी नव्हते. लेकीचे तर अजून शिकणेही सुरू व्हायचे होते.

मग अम्मी बोलली. "माझ्या भावाची लांब चालायची. पण झणझणायची नाही. शेवटी शेवटी गोड व्हायची."

चाचांनी मान डोलावली, चार हात कानशी फिरवली, तार छेडली. अम्मीने नाही म्हटले. पुन्हा घासले. पुन्हा नाही. अम्मीने आयुष्यात वाद्याला हात लावलेला नाही. गाणी म्हटली ती लग्नघरी, ओसरीवर इतर बायकांत बसून. आता तिथेही डीजे लागतो आणि तिची गाणी तिच्यापाशीच राहिली आहेत. पण त्या कारागिरासमोर ती अशी बसली होती की जणू परीक्षा तीच घेते आहे. तिसऱ्यांदाही नाही. चौथ्यांदा तार वाजली आणि विरत गेली, तेव्हा अम्मी काहीच बोलली नाही. पदर डोळ्यांना लावला. चाचांनी कानशी खाली ठेवली.

चहा पिताना आम्ही विचारले, मुलगा या कामात आहे का? पुण्यात कंपनीत आहे, महिन्याचा पगार आहे, ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. भोपळा कापणे, नक्षी काढणे वर्ष-दोन वर्षांत येते. जवारीचा कान तयार व्हायला दहा वर्षे लागतात आणि तेवढी वर्षे आजच्या पोराने काय खावे?

विकण्याची गोष्ट परतीच्या वाटेवर कोणी काढली नाही. घरातल्या त्या वडीलधाऱ्यांना अजूनही ते पटलेले नाही. येतात तेव्हा सतारीच्या खोलीत बसत नाहीत, आम्हीही आग्रह करत नाही. लेक शनिवारी दुपारी शिकायला जाते. बोटे सोलवटून येते, अम्मी खोबरेल लावते.

निघताना चाचांनी बजावले होते, "पावसाळ्यात झाकून ठेवा, कोरड्या कापडाने पुसत जा. पाऊस संपला की एकदा परत आणा. लाकूड हलते, जवारी पुन्हा पाहावी लागेल." मग थोडे थांबून म्हणाले, "तोवर मी आहे, इन्शाअल्लाह."