जिम कॉर्बेट : स्वाक्षरी आणि कालक्रम

शिकारी-लेखक जिम कॉर्बेट (१८७५–१९५५) यांच्या आणि त्यांच्याविषयीच्या दुर्मीळ, स्वाक्षरित ग्रंथांचा संग्रह करू पाहणाऱ्याला आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, ती अशी की या लेखकाचे ग्रंथजीवन फार उशिरा सुरू झाले आणि साधारण अकरा वर्षांतच आटोपले. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ हे पुस्तक १९४४ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई कार्यालयातून प्रकाशित झाले, तेव्हा कॉर्बेट एकोणसत्तर वर्षांचे होते. त्यापूर्वी, १९३५ मध्ये, नैनितालच्या लंडन प्रेसमध्ये त्यांनी ‘जंगल स्टोरीज’ ही छोटी पुस्तिका स्वखर्चाने छापून घेतली होती, आणि तिच्या केवळ शंभर प्रती निघाल्या होत्या. या पुस्तिकेची मूळ प्रत हाती येईल अशी आशा प्रस्तुत संग्राहकाने कधी बाळगली नाही. कॉर्बेट यांचे असंकलित लेखन ‘माय कुमाऊं’ या नावाने २०१२ मध्ये ग्रंथरूपात आले, त्यावर समाधान मानून संग्राहकाने आपले लक्ष मुंबईत निघालेल्या पुस्तकाकडे वळवले.

पहिली आवृत्ती म्हणजे ज्या जुळणीवरून पुस्तक सर्वप्रथम छापले गेले त्या छपाईच्या प्रती, आणि पुनर्मुद्रण म्हणजे तीच जुळणी वापरून पुढे काढलेल्या प्रती. हा भेद शीर्षकपृष्ठाच्या मागील बाजूच्या बारीक अक्षरांतील नोंदीवरून कळतो, पण नेमके तेच पान वाळवीने खाल्लेले किंवा ग्रंथालयाच्या शिक्क्याखाली दडलेले असते. १९४४ चे पुस्तक युद्धकाळातले असल्यामुळे त्याचा कागद मुळातच हलका. त्यात मुंबईची दमट हवा आणि कसर यांनी उरलेसुरले काम केलेले. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरील जुन्या पुस्तकांचे ढीग आणि बंद पडलेल्या ग्रंथालयांनी काढून टाकलेले गठ्ठे चाळताना संग्राहकाला कॉर्बेट अनेकदा भेटले, परंतु बहुधा उशिराच्या पुनर्मुद्रणांतून किंवा अमेरिकन प्रतींतून. अमेरिकेत हे पुस्तक १९४६ साली ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ने सभासदांसाठी निवडले, त्यामुळे त्याच्या प्रती तेथे उदंड निघाल्या, आणि आजही त्या सहज व स्वस्तात मिळतात. मुंबईची प्रत मूळच्या जॅकेटसह, म्हणजे पुठ्ठ्याच्या बांधणीवर चढवलेल्या छापील कागदी वेष्टनासह, मिळणे हे त्यामानाने फार दुर्घट आहे, कारण भारतातील वाचक पुस्तक घरी आणताच ते वेष्टन काढून टाकत आणि खाकी कागदाचे कव्हर घालत.

स्वाक्षरित प्रतीची परीक्षा मात्र कागदापेक्षा लेखकाच्या आयुष्यक्रमावरून करावी लागते, आणि या संग्रहाच्या निमित्ताने झालेले खरे शिक्षण तेच होय. १९४४ साली कॉर्बेट लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यावर होते आणि नागपूरच्या उत्तरेस असलेल्या छिंदवाडा येथे सैनिकांना अरण्ययुद्धाचे, म्हणजे दाट जंगलात टिकून राहण्याचे व लढण्याचे, प्रशिक्षण देत होते; १९४७ च्या अखेरीस ते बहीण मॅगी हिच्यासह नैनिताल सोडून केनियात गेले आणि न्येरी येथे स्थायिक झाले. म्हणजे ‘मॅन-ईटर्स’च्या प्रतीवर त्यांनी भारतात सही केली असेल तर ती जेमतेम सव्वातीन वर्षांच्या अवधीतली असणार. ‘माय इंडिया’ (१९५२), ‘जंगल लोअर’ (१९५३) आणि ‘द टेंपल टायगर’ (१९५४) ही पुस्तके निघाली तेव्हा लेखक न्येरीत होते, त्यामुळे त्यांपैकी एखाद्या प्रतीवर सहीखाली नैनिताल असा ठिकाणाचा उल्लेख आढळला तर ती नोंद तेथेच बाद ठरते. ‘ट्री टॉप्स’ १९५५ साली निघाले खरे, पण कॉर्बेट त्याच वर्षी १९ एप्रिल रोजी निवर्तले होते आणि पुस्तक त्यांच्या पश्चात प्रकाशित झाले. एका विक्रेत्याने ‘लेखकाची सही असलेले ट्री टॉप्स’ मोठ्या किमतीला देऊ केले, तेव्हा संग्राहकाला अक्षराचे वळण तपासण्याची गरजच पडली नाही. त्या पुस्तकावर मॅगीची अक्षरे असू शकतात, कारण ती १९६३ पर्यंत हयात होती. आणि तशी प्रत मिळाली तर तिचे मोल भावाच्या सहीपेक्षा कमी मानण्याचे काहीच कारण नाही.

आणखी एक घोटाळा नावातून उद्भवतो. जेम्स जे. कॉर्बेट हा अमेरिकन मुष्टियोद्धा ‘जंटलमन जिम’ म्हणून प्रसिद्ध होता, त्याचे आत्मचरित्रही आहे, आणि त्याच्या सहीचे चाहते वेगळे आहेत. तो १९३३ साली वारला, म्हणजे कुमाऊंच्या कॉर्बेट यांची पहिली पुस्तिकाही तेव्हा छापलेली नव्हती. त्यामुळे कागदाच्या चिठोऱ्यावर केलेली आणि नंतर पुस्तकात चिकटवलेली ‘जिम कॉर्बेट’ ही सही कोणाची, हा प्रश्न दरवेळी नव्याने विचारावा लागतो. सही थेट पुस्तकाच्या पानावर असली आणि तिच्यासोबत ज्याला प्रत दिली त्याचे नाव, स्थळ व तारीख असली, तर ग्रंथसंग्राहक तिला अर्पणप्रत म्हणतात, आणि नुसत्या सहीपेक्षा ती अधिक विश्वसनीय ठरते.

कॉर्बेट यांच्या हातची सही सामान्य संग्राहकाच्या आवाक्याबाहेर गेल्यावर संग्रहाचा ओघ स्वाभाविकपणे त्यांच्याविषयीच्या पुस्तकांकडे वळला, आणि संग्रहाचा हाच भाग अधिक समृद्ध आहे असे ठामपणे म्हणता येते. आर. ई. हॉकिन्स यांनी मुंबईच्या ऑक्सफर्ड प्रेसची धुरा दीर्घकाळ वाहिली आणि त्यांच्याच कारकिर्दीत ‘मॅन-ईटर्स’ प्रसिद्ध झाले. १९७८ मध्ये ‘जिम कॉर्बेट्स इंडिया’ ही निवडक वेच्यांची आवृत्ती त्यांनी संपादित केली, आणि पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसाठी भारतीय निसर्गेतिहासाचा कोशही सिद्ध केला. अशा संपादकाची सही असलेली प्रत म्हणजे कॉर्बेट ज्या वाटेने वाचकापर्यंत पोहोचले त्या वाटेचाच दाखला होय. दुर्गाचरण काला यांचे ‘जिम कॉर्बेट ऑफ कुमाऊं’ (१९७९) हे भारतीय पत्रकाराने लिहिलेले चरित्र पहिल्या आवृत्तीत मिळवायला दीर्घ काळ धीर धरावा लागला, तर मार्टिन बूथ यांचे ‘कार्पेट साहिब’ (१९८६) अनपेक्षित ठिकाणी सापडले. बूथ कवी आणि कादंबरीकार म्हणून अधिक परिचित असल्यामुळे त्यांच्या स्वाक्षरित प्रती शिकारकथांच्या कपाटात न ठेवता आधुनिक इंग्रजी कादंबऱ्यांच्या शेजारी ठेवलेल्या असतात, आणि बूथ २००४ साली निवर्तल्यामुळे त्यांत आता भर पडणार नाही. दोन्ही चरित्रे लागोपाठ वाचली असता, काला यांना कुमाऊंच्या माणसांतला कॉर्बेट अधिक जवळचा आहे आणि बूथ यांना वसाहतीच्या समाजात मधल्या पायरीवर राहिलेला कॉर्बेट अधिक दिसतो, हे जाणवते. म्हणून संग्रहात दोन्ही हवीत, एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

‘बिहाइंड जिम कॉर्बेट्स स्टोरीज’ (२०१६) या पुस्तकाने या विषयाला नवे वळण दिले. वेगवेगळ्या देशांतील अभ्यासक कुमाऊं-गढवालमध्ये प्रत्यक्ष हिंडले आणि कॉर्बेट यांच्या कथांतील नेमक्या जागा कोणत्या, हे गावकऱ्यांच्या आठवणी व मूळ मजकूर ताडून त्यांनी शोधले. त्याची प्रत संग्रहात आहे. तिच्यावर सर्व लेखकांच्या सह्या एकत्र मिळवण्यासाठी ती टपालाने देशोदेशी फिरवावी, की एकेकाची स्वतंत्र प्रत जमवावी, याचा निर्णय अद्याप व्हायचा आहे, आणि तूर्त कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, कारण टपालात पुस्तक गहाळ झाले तर त्याच्या समासांत पेन्सिलीने केलेली स्थळांची टिपणेही जातील.