कळकलेलं ताक

साताऱ्याच्या आमच्या वाड्यात कल्हईवाला यायचा. अंगणात खड्डा खणून भट्टी, शेजारी भाता, तापलेल्या पितळी पातेल्यात नवसागराची चिमूट, पांढरा धूर, कथलाचा तुकडा आणि कापडाच्या बोळ्याचा एक सफाईदार फेरा. काळवंडलेलं पातेलं बघता बघता चांदीचं व्हायचं. आजी त्या चकाकीला भुलत नसे. रात्री त्यात ताक ठेवायची. सकाळी कळकलं नसेल तरच उरलेले पैसे.

थर डोळ्यांना कसा दिसतो, याच्याशी आजीला देणंघेणं नव्हतं. मलाही नसतं. माझं काम कणत्वरकांच्या नळ्यांना आतून दिलेल्या मुलाम्यांची परीक्षा घेण्याचं. त्यातला नावाजलेला मुलामा टायटॅनियम, झिर्कोनियम आणि व्हॅनेडियमचा, जेमतेम एक मायक्रॉनचा. निर्वातात उरलेसुरले वायू तो शोषून घेतो, म्हणजे नळीची भिंतच पंप होते. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत क्रिस्तोफोरो बेनवेनुती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र उभं केलं. तिथल्या लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये अशा नळ्या सुमारे ६ किलोमीटर भरतात. पण कणांचा झुपका नळीतून धावतो तेव्हा त्याच्यासोबत भिंतीतूनही प्रवाह धावतो. मुलामा त्याला अडवू लागला तर भिंत तापते आणि मागून येणारे झुपके डळमळतात. थर वायू पितो हे चांगलंच. लहर किती पितो, ते मला सांगायचं असतं.

मल्टिमीटर इथे निरुपयोगी. तांब्याचा पोकळ डबा घ्यायचा, तपासायची चकती त्याचा तळ म्हणून ठेवायची आणि आत सूक्ष्मलहरी सोडायच्या. डबा एका ठरावीक वारंवारतेला घुमतो. ते घुमणं किती वेळ टिकतं, त्याचा आकडा म्हणजे ‘क्यू’. चकती जितकी ऊर्जा खाईल तितका क्यू खाली. चकती स्क्रूनं आवळली तर सांध्यातच ऊर्जा गळते, आणि मग आपण थर मोजतोय की स्क्रू, हा प्रश्न उरतो. म्हणून डब्याच्या काठाला गोल खाचा कोरतात. त्या लहरीला आत अडवतात. चकती डब्याला टेकवावीच लागत नाही. इंग्लंडमधल्या डेअर्सबरीत ७.८ गिगाहर्ट्झच्या अशाच डब्यावर हे मुलामे तपासले गेले. या वारंवारतेला तांब्यात प्रवाह पाऊण मायक्रॉनच खोल जातो. आपला मुलामा मात्र तांब्याच्या मानानं फार कमी वाहक, त्यामुळे लहर त्यातून मलमलीतून उजेड यावा तशी आरपार जाते आणि खालचा धातूच मोजला जातो.

याउलट गोष्ट मुंबईची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत २००७ मध्ये पूर्ण झालेल्या त्वरकात तांब्याच्या अनुनादकांना शिशाचा सुमारे २ मायक्रॉनचा मुलामा आहे. द्रव हेलियमच्या थंडीत शिसं अतिवाहक होतं आणि प्रवाह एका मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शातच मावतो. तिथे सगळा संसार मुलाम्याचा. तांबं नुसता पाट.

एकदा मी ॲल्युमिनियमच्या चकतीवरचा मुलामा मोजत होते. दोन दिवस, पुन्हा पुन्हा काढून ठेवून. खोलीचं तापमान एका अंशानं हललं तर तांबं फुगून वारंवारता शंभर-सव्वाशे किलोहर्ट्झ सरकते, तेही सांभाळलं. आकडे इतके एकसारखे आले की मन सुखावलं. मुलाम्याची चकती आणि कोरी चकती, दोन्हींचा क्यू तोच. थर पातळ, लहर आरपार. सिद्धान्तही मान डोलावत होता. मी अहवाल लिहायला घेतला.

त्याच आठवड्यात आईचा तंबोरा घेऊन मिरजेला गेले. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. खर्जाची जवारी बसली होती. मला वाटलं, सतारमेकर चाचा लगेच घोडीला कानस लावतील. त्यांनी तारेखालचं सूत काढून घेतलं आणि उघडी तार नुसती छेडली. मग सूत पुन्हा सरकवून छेडली. मग पुन्हा काढून.

“चाचा, हे कशाला?”

“ताई, घोडीचं किती आणि सुताचं किती, ते आधी कळायला नको? सूत घातलं आणि कायच फरक नाय पडला, तर समजायचं सूत तारेखाली गेलंच नाय.”

घोडीवर कानस फिरू लागली, पण माझं लक्ष उडालं होतं. मुलामा कितीही पातळ असला तरी काहीतरी खाणारच. थोडं, पण खाणारच. माझ्या आकड्यांत ते थोडंही नव्हतं.

परतल्यावर चकती ट्यूबलाइटखाली तिरपी धरली. एका बाजूला ॲल्युमिनियमचा पांढरट करडा, दुसऱ्या बाजूला किंचित गडद करडा. गडद बाजू दोन दिवस खाली, डब्याबाहेर होती. मी नेटकेपणानं, तापमान सांभाळून चकतीची पाठ मोजली होती. चकती उलटी केली आणि क्यू उतरला. फार नाही, पण हिशेबात धरण्याइतका.

आता प्रत्येक चकतीच्या पाठीवर मी पेन्सिलीनं ‘प’ लिहिते. नव्या मुलाला वाटलं, पंचमाचा.