मोकळा रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता नव्हे

पळायला लागणाऱ्या माणसाला बूट कोणते घ्यावेत, सकाळी काय खावं, पाणी किती प्यावं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. कुठे पळावं हे मात्र कोणी सांगत नाही, आणि नवख्याची पहिली ठेच तिथेच लागते. मी चाळिशी ओलांडल्यावर, डॉक्टरांनी साखर काठावर असल्याचं सांगितल्यावर पळायला लागले, तेही पिंपरी-चिंचवडमधल्या रावेतसारख्या अजून बांधून होत असलेल्या उपनगरात. रस्ता निवडताना माझ्या हातून झालेल्या चुका इथे सांगते. त्यातली प्रत्येक चूक त्या वेळी मला अगदी विचारपूर्वक केलेली निवड वाटली होती, म्हणूनच त्या सांगण्याजोग्या आहेत.

रावेतच्या कडेने मुंबई-बेंगळुरू महामार्गाचा बायपास जातो. त्याला लागून सर्व्हिस रोड आहे. पहाटे साडेपाचला तिथे शुकशुकाट असणार, असा माझा हिशोब होता. पण पिंपरी-चिंचवड, तळेगाव, चाकणच्या पट्ट्यात पहाट रिकामी नसते. पहिल्या शिफ्टच्या कंपनीच्या बस, पाण्याचे टँकर, नव्या टॉवरांच्या साइटवर निघालेले काँक्रीटचे मिक्सर, खडीचे डंपर या सगळ्यांना गर्दी व्हायच्या आत एक खेप उरकायची असते. त्यात हिवाळा. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे साडेपाचला चक्क रात्र असते. मी गडद निळा टी-शर्ट घालून, कानात इअरफोन घालून त्या अंधारात पळत होते.

फुटपाथ नसेल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने, म्हणजे आपल्याकडे उजव्या कडेने पळावं, हे मी वाचलं होतं आणि पाळतही होते. नियम बरोबरच आहे. पण सर्व्हिस रोडवर लांबचा वळसा चुकवण्यासाठी दुचाकीवाले सर्रास राँग साइडने येतात, ही गोष्ट मी हिशोबात धरली नव्हती. अशीच एक मोटारसायकल मागून आली आणि तिचा आरसा माझ्या कोपराला घासून गेला. तो मुलगा पुढे जाऊन थांबला, परत आला. अंगावर कंपनीचा युनिफॉर्म होता, पाठीला डब्याची बॅग. "काकू, लागलं का? मी किती हॉर्न दिला," असं म्हणताना त्याचा आवाज थरथरत होता. मला एकही हॉर्न ऐकू आला नव्हता. चूक त्याची होती तशी माझीही होती. ताशी साठ किलोमीटर वेगाने येणारं वाहन एका सेकंदात सोळा-सतरा मीटर अंतर कापतं. चालकाला मी दिसेपर्यंत आणि त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत दोन सेकंद गेले, तरी तीस मीटरहून जास्त रस्ता संपलेला असतो. अंधारात, गडद कपड्यांत, कान बंद करून मी दोघांच्याही हातातले ते सेकंद काढून घेतले होते.

मग मी सर्व्हिस रोड सोडला आणि फक्त बससाठी राखलेल्या बीआरटीच्या लेनमध्ये गेले. सांगवी-किवळे बीआरटी २०१५ मध्ये सुरू झाली. डांगे चौकाकडून येताना पवनेवरचा बास्केट ब्रिज ओलांडला की हा रस्ता रावेतमधून मुकाई चौकाकडे जातो. बसची लेन स्वच्छ, सपाट, खड्डा नाही, इतर वाहनं नाहीत. दोन बसमध्ये इतका वेळ जातो की ती लेन आपल्यासाठीच ठेवली आहे असं वाटू लागतं. पण लेन वेगळी असल्यामुळेच तिथे कोणी माणूस मध्ये येईल हे चालकाच्या मनात नसतं, आणि बस बाजूला घ्यायला जागाही नसते. एका सकाळी मागून करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. बस माझ्यामागे थांबली होती. चालकाने खिडकीतून डोकं बाहेर काढून इतकंच म्हटलं, "ताई, माझ्या गाडीत माणसं उभी आहेत." त्या अचानक लागलेल्या ब्रेकमुळे आत कोणी पडलं असतं तर? मी फक्त स्वतःचाच जीव धोक्यात घालते आहे असं समजत होते, तेही खोटं होतं. त्या दिवसानंतर मी त्या लेनमध्ये पाऊल टाकलेलं नाही.

तिसरी चूक सर्वांत मोठी. वाहनांचा धसका घेतल्यामुळे मी जिथे वाहनच नाही असा रस्ता शोधला. नव्या टॉवरांच्या मागे, नदीच्या अंगाला, विकास आराखड्यातले (डीपी) अर्धवट झालेले रस्ते आहेत. डांबर पडलेलं असतं, पण दिवे लागलेले नसतात, दोन्ही बाजूंना साइटच्या पत्र्यांचं कुंपण असतं आणि रस्ता पुढे एकदम संपतो. तिथे गाडी नव्हती हे खरं. माणूसही नव्हता. एका पत्र्याआडून कुत्री धावून आली आणि मी करू नये तेच केलं, जीव खाऊन पळत सुटले. पळणाऱ्याच्या मागे कुत्रं लागतंच. पोटरीला दात लागले, पुढे खणलेल्या चरात पाय अडकून मी पडले. हाक ऐकेल असं कोणी नव्हतं, मोबाइल घरी होता आणि मी कुठल्या बाजूला गेले आहे हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. पत्र्यांमधल्या त्या वाटेवर मला कुत्र्यांपेक्षा जास्त भीती कशाची वाटली, हे बाईमाणसाला वेगळं सांगायला नको.

त्यावर कडी म्हणजे घरी येऊन मी जखमेला हळद लावली आणि संध्याकाळपर्यंत बसून राहिले. हे कोणीही करू नये. कुत्रं चावलं तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, वर काहीही चोपडायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रेबीजची लस दंडात घ्यायची असेल तर पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी घेतात, आणि रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर उपाय जवळपास उरत नाही. त्यामुळे माझा तो अर्धा दिवसाचा उशीर ही साधी हयगय नव्हती.

जखम बरी होईपर्यंत पळणं बंद होतं, म्हणून मी त्याच वेळेला नुसती चालायला बाहेर पडू लागले. आमच्या कोपऱ्यावर रस्ता झाडणाऱ्या एक ताई असतात. माझी पट्टी बघून त्या म्हणाल्या, "त्या पत्र्यांकडं गेला असाल. तिथं कुत्रीला पिल्लं झालीत, आम्हीबी सध्या त्या बाजूला एकट्यानं जात नाही." मग त्यांनी कुठला दिवा बंद असतो, कुठल्या चेंबरचं झाकण हलतं, टँकर कुठून उलटा येतो हे सगळं सांगितलं. पेपर टाकणारी मुलं, दूधवाले, सोसायटीचे वॉचमन यांच्याकडेही हीच माहिती होती. मोबाइलच्या नकाशावर मी रस्त्याची लांबी आणि चढ पाहत होते, पण सकाळी सहा वाजता त्या रस्त्यावर काय चालतं हे त्या नकाशात नव्हतं.

आता माझी पद्धत ठरलेली आहे. नवा रस्ता आधी त्याच वेळेला चालून बघायचा, कारण रविवारी दहा वाजता शांत दिसणारा रस्ता सोमवारी सहाला वेगळाच असतो. चालताना उजेड, पायाखालची जमीन, बाजूने फुटणारे रस्ते आणि जागी असलेली माणसं, इतकं पाहायचं. एक दुकान उघडं असेल, एक वॉचमन बसलेला असेल, तर तो रस्ता चालेल. लांब जाऊन परत येण्यापेक्षा घराजवळची छोटी फेरी बरी. दम लागला, पाय मुरगळला, तर घर पाच मिनिटांवर हवं. आठवड्याच्या इतर दिवशी मी सोसायटीच्या आतच फेऱ्या मारते आणि पार्किंगच्या रॅम्पशी न चुकता थांबून बघते. रविवारी निगडी प्राधिकरणात जाते. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या प्राधिकरणाने आखलेल्या त्या सेक्टरांत आतले रस्ते झाडांचे आहेत, वाहनांना पळायला तिथे फारसं कारण नाही. मदनलाल धिंग्रा मैदानावर तर माणसांची सोबतच असते. चढाचा सराव करायचा तर दुर्गादेवी टेकडी आहे. फिकट कपडे, वर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट, कान मोकळे, खिशात मोबाइल आणि निघण्यापूर्वी घरात "प्राधिकरणात जातेय, आठपर्यंत येते" एवढं सांगणं. हिवाळ्यात उजाडल्याशिवाय मी रस्त्यावर येत नाही.

हे सगळं पळणाऱ्याने एकट्याने सांभाळायचं, हे बरोबर आहे असं मला वाटत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. सलग फुटपाथ, जळणारे दिवे आणि झाकलेले चेंबर हा चालणाऱ्याचा हक्क आहे आणि तो मागत राहिलंच पाहिजे. मीही आता बंद दिवा दिसला की तक्रार नोंदवते.

पण दिवा लागेपर्यंतच्या सकाळीही कोणीतरी नवे बूट बांधून बाहेर पडणार आहे. आमच्या सोसायटीत कोणी पळायला सुरुवात करतंय असं कळलं, की मी पहिल्या आठवड्यात तिच्यासोबत तिच्या रस्त्यावर, तिच्या वेळेला चालून येते आणि तिथे भेटणाऱ्या माणसांशी तिची ओळख करून देते. पळण्याचा वेग नंतर वाढवता येतो. सुरुवातीला एवढी सोबत प्रत्येकीला मिळायला हवी.