पांढऱ्या पट्ट्याचे चार टायर

6 जानेवारी 2025, सोमवार

इमारत पुनर्विकासाला चाललीय, महिनाअखेरीला दुकान रिकामं करून द्यायचं. आज पोटमाळा उपसायला घेतला. गंजलेल्या रिमा, फ्लॅप, कुजलेल्या ट्यूबा या सगळ्यांच्या मागे गोणपाटात शिवलेले चार टायर निघाले. 6.70-15. एका अंगाला अडीच इंचांचा पांढरा पट्टा, दुसरं अंग काळं.

दादांनी ठेवलेले. ते शिवडीच्या फायरस्टोनमध्ये होते. त्या कंपनीचं पुढे बॉम्बे टायर्स झालं, मग मोदीस्टोन, आणि मग कुलूप. हे टायर मात्र तिथले नाहीत, बाजूवर अमेरिकेचं नाव आहे. एखाद्या शेठनं मागवले असतील आणि न्यायला आला नसेल. दादा असतानाच विचारायला हवं होतं, पण तेव्हा त्या गोणपाटाकडे बघायला कुणाला सवड होती!

मापावरून गाडी कळते. पद्मिनीला 5.20-14, अ‍ॅम्बेसेडरला 5.90-15. आणि 6.70-15 म्हणजे पन्नासच्या दशकातली प्लिमथ किंवा तिची बहीण डॉज. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यात कुर्ल्याला या गाड्या जोडल्या जायच्या. माझ्या लहानपणी त्यांच्या टॅक्सी होत्या, मागच्या सीटवर आमचं अख्खं घर मावायचं.

नक्षी पूर्ण शाबूत. एकदाही रस्त्याला लागलेले नाहीत. खरी अडचण हीच आहे.

8 जानेवारी, बुधवार

पट्टे पिवळट तपकिरी झालेत. पोऱ्या पेट्रोलचं फडकं घेऊन पुसायला निघाला, त्याला थांबवलं. पेट्रोल रबर खातं. साबण, कोमट पाणी आणि मऊ ब्रश, बस्स. तरी दुधासारखा पांढरा रंग परत येणार नाही. ऊन आणि ओझोन यांनी रबर फुटू नये म्हणून काळ्या रबरात रसायनं मिसळलेली असतात, ती वर्षानुवर्षं पाझरून शेजारच्या पांढऱ्यात उतरतात. बाहेरून लागलेला मळ धुता येतो, आतून आलेला नाही.

पांढऱ्या पट्ट्याची गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते. सुरुवातीचे टायर मुळात फिकटच. झिंक ऑक्साइड घातल्यानं रबर पांढरं दिसे. मग कळलं की काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक मिसळलं तर रबर कितीतरी जास्त टिकतं. तेव्हा काजळी घातली ती फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागात, बाजू पांढऱ्याच राहिल्या. त्या काळात अख्खा काळा टायर श्रीमंतीचा. पुढे सगळेच टायर काळे झाले आणि उलटं झालं, पांढऱ्या पट्ट्याला जास्तीचे पैसे पडू लागले. 1934 मध्ये अमेरिकेत फोर्ड चार टायरांच्या पट्ट्यासाठी सव्वाअकरा डॉलर वेगळे घेई. काटकसरीतून उरलेली गोष्ट चैनीची झाली. आमच्या धंद्यात असं फार होतं.

11 जानेवारी, शनिवार

ओळखीच्या गॅरेजवाल्यांना सांगून ठेवलं होतं, त्यांच्याकडून कळून सिनेमाच्या कलाविभागातली एक मुलगी आली. तिनं आधी टेप काढली. टायर नाही, पट्टा मोजला. मी खूश.

"काका, आमची गोष्ट 1955 ची आहे. बारीक पट्टा चालणार नाही."

बरोबर बोलली. रुंद पट्टा साधारण पन्नासचं दशक संपेपर्यंतचा. 1957 च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉमवर तो एक इंचावर आला, आणि 1962 पर्यंत बहुतेक अमेरिकन गाड्यांवर बारीकच दिसू लागला. पडद्यावर 1950 सालच्या गाडीला बारीक पट्टा दिसला की माझं पुढच्या संवादांकडे लक्षच राहत नाही.

तिला विचारलं, गाडी चालणार की उभी राहणार? म्हणाली, इंजिनच नाही, चार माणसं ढकलतील. म्हटलं, मग बोलू या.

12 जानेवारी, रविवार

पुण्याहून एक साहेब आले. घरची प्लिमथ आहे, मनापासून जपलेली. टायर बघून डोळे चमकले. नक्षीत नख घालून म्हणाले, "अहो, हे तर कोरे आहेत!" पुण्याहून गाडी चालवत आणून हॉर्निमन सर्कलच्या रॅलीत उतरवायची, हा त्यांचा बेत.

त्यांना दाराशी उजेडात नेलं आणि पट्ट्याच्या वर अंगठ्यानं दाबून दाखवलं. केसांसारख्या भेगा उघडल्या. टायरच्या आतल्या कडेत तार असते, रिमला धरून ठेवणारी, तिच्याजवळचं रबर तर कडक झालंय, टामी लावली तर तुकडा निघेल. न वापरलेला टायरही म्हातारा होतोच. आतले थर एकमेकांना धरून असतात ते रबरानं, आणि हवेतला ऑक्सिजन तेच रबर रोज थोडं थोडं सुकवतो. गल्लीत कळणार नाही. एक्स्प्रेस-वेवर टायर तापला की नक्षीचा अख्खा पट्टा उकलून येईल.

साहेब तारीख शोधत होते. 2000 पासूनच्या टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2315 म्हणजे 2015 चा तेविसावा आठवडा. यावर तसलं काहीच नाही. तारीख नाही यातच काय ते आलं.

"दुप्पट देतो. लिहून देतो की जबाबदारी माझी."

नाही म्हटलं. जबाबदारी त्यांची असेल, पण घाटात त्यांच्या मागून येणाऱ्या गाडीवाल्यानं कुठे काय लिहून दिलंय? साहेब चिडले, चहा न घेताच गेले. बायको म्हणाली, दुकान बंद करताना असली तत्त्वं परवडतात. परवडतात की नाही माहीत नाही.

15 जानेवारी, बुधवार

सिनेमावाल्यांशी सौदा झाला, चारही मिळून चौदा हजार. पावतीवर लिहिलं: "फक्त उभ्या गाडीसाठी. रस्त्यावर वापरू नये." पण कागद हरवतो. शूटिंग संपलं की हे टायर कुणाच्या हाती जातील कोण जाणे. म्हणून आतल्या काळ्या अंगावर तापलेल्या सळीनं मोठ्या अक्षरांत 'शो' डागलं. कॅमेऱ्याला ते अंग दिसत नाही. मुलीची हरकत नव्हती.

पोऱ्यानं विचारलं, साध्या टायरला ऑइलपेंटनं पट्टा मारून का नाही देत? देतात की. ऑइलपेंट वाळला की ताठ होतो आणि टायर सारखा वाकत असतो. आठवड्यात पोपडे. अस्सल पट्टा म्हणजे बाजूच्या रबरातच घातलेला पांढरा थर, वरची काळी साल कारखान्यात घासून काढली की उघडा पडणारा.

17 जानेवारी, शुक्रवार

पुण्याच्या साहेबांचा फोन आला, आवाज निवळलेला. मग काय घालू, म्हणाले. जुन्या साच्यांतून आजही नवे व्हाइटवॉल काढणारे आहेत, अमेरिकेत चॅटनूगाचे कोकर त्यातले मोठे. पण जून 2020 पासून नव्या टायरची आयात आपल्याकडे निर्बंधित यादीत आहे, परवाना लागतो. इथं मिळणाऱ्यांत बोलेरोचा 215/75 आर 15 उंचीला जवळपास येतो. म्हटलं, आधी रिमची आतली रुंदी मोजून कळवा.

संध्याकाळी मोजून कळवलं, साडेचार इंच. बोलेरोच्या टायरला किमान साडेपाच लागतात. तो बसणार नाही, तसं सांगितलं. नवे बाहेरूनच आणावे लागतील, आणि ते येईपर्यंत प्लिमथनं ट्रकवर चढून रॅलीला यावं, हेच बरं.